पाणी कुठलं, पैसे कुणाचे?

आमच्या सोसायटीत लिफ्टशेजारी सोमवारी नोटीस लागली : ‘बेसमेंटमध्ये पाणी येत असल्याने सभासदांनी वाहने स्वतःच्या जबाबदारीवर ठेवावीत. आदेशावरून.’ आदेश कुणाचा, ते लिहिलेलं नाही. पाणी कुठून येतंय, तेही नाही. माझ्याकडे गाडी नाही हे या सदराच्या वाचकांना पाठ झालं असेल; अंधेरीच्या रिक्षावाल्यांशी होणाऱ्या माझ्या भांडणांवर इथे पुरेशी शाई सांडून झाली आहे. तरीही मला राग आला. दर जुलैत हीच नोटीस लागते, फक्त वरची तारीख बदलते.

रागाचं दुसरं कारण घरातलंच आहे. आमचे हे सोसायटीचे खजिनदार बिनविरोध झाले. बिनविरोध म्हणजे दुसरं कुणी तयार नव्हतं. तेव्हापासून बेसमेंटचं पाणी आमच्या जेवणाच्या टेबलापर्यंत पोचलं आहे. आमटी वाढताना मला सम्प पंपाच्या दुरुस्तीचं बिल ऐकावं लागतं.

चार बंगल्याजवळची आमची जुनी तीन मजली इमारत पाडून तिथे टॉवर झाला. जुन्या इमारतीत बेसमेंट नव्हतं, कारण लोकांकडे गाड्या नव्हत्या. आता अंधेरीत रीडेव्हलपमेंटचं पेव फुटलं आहे आणि प्रत्येक टॉवरला गाड्यांसाठी जमिनीत घुसायचं आहे. पाऊस पडला की ते पाणीही तिथेच घुसतं.

यावरची आमची सर्वसाधारण सभा बघण्यासारखी असते. पहिल्या मजल्यावरचे काका ठाम आहेत : जमिनीखालची टाकी गळते. सातव्यावरच्या मॅडमचं मत ड्रेनेज फुटलं आहे. कुणी म्हणतो, रॅम्पवरून पाऊस उतरतो. थोडा वेळ बसून ऐकलं की लक्षात येतं, प्रत्येकाचं मत त्याच्या पार्किंगवर अवलंबून आहे. ज्यांची गाडी पोडियमवर, ते म्हणतात, बेसमेंटचा खर्च बेसमेंटवाल्यांनी करावा. ज्यांची बेसमेंटमध्ये, ते म्हणतात, इमारत सगळ्यांची आहे. ज्यांनी फ्लॅट भाड्याने दिलाय ते येतच नाहीत, पण व्हॉट्सअॅपवर सर्वांत लांब मेसेज त्यांचे असतात. पाणी कुठलं हे ठरायच्या आत पैसे कुणी द्यायचे यावर हमरीतुमरी होते आणि चहा-समोशांनंतर ठराव होतो : ‘तीन कोटेशन मागवावीत.’

मग कोटेशनवाले येतात. भिंतीवर बोटाची टिचकी मारतात, मान हलवतात आणि ‘डॅम्पनेस है’ असं सांगतात. ते आम्हालाही दिसत होतं. एकाने टाकीला आतून लेप दिला. दुसऱ्याने बेसमेंटच्या भिंतीला राखाडी रंगाचं काहीतरी फासलं आणि लेटरहेडवर गॅरंटी लिहून दिली. पहिल्याच पावसात त्याचे पापुद्रे निघाले. निघणारच. बाहेरच्या ओल्या मातीतलं पाणी भिंतीला ढकलत असताना आतून रंग लावणं म्हणजे गळक्या छत्रीला आतून रुमाल धरणं. कोटेशनवाल्यांना हे ठाऊक नसतं असं नाही. पण रंगाचं बिल लगेच निघतं.

आता कामाची माहिती एका दमात सांगते, कापून ठेवा. बेसमेंटमध्ये पाणी दिसलं की उतरण्याआधी तिथली वीज मेनवरून बंद करा. भिंतीवरची ओल हवेतल्या दमटपणाची की मातीतली, हे बघायला प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टी लावून एक-दोन दिवस ठेवा. थेंब खोलीच्या बाजूला धरले तर दमटपणा, भिंतीच्या बाजूला धरले तर पाझर. पांढरी खारट पूड हीही भिंतीतून पाणी येत असल्याची खूण. टाकीचा संशय असेल तर रात्री इनलेट आणि पंप बंद करून पातळीवर खूण करा आणि सकाळी बघा. महापालिकेचं पाणी असेल तर त्यात क्लोरीन असण्याची शक्यता असते. तपासायचे थेंब बाजारात मिळतात, पाणी पिवळसर होतं. तलावाच्या पाण्याचा टीडीएस कमी असतो, जमिनीतल्या पाण्याचा बराच जास्त. वास आणि फेस म्हणजे ड्रेनेज. फ्लॅटमधल्या संडास-मोरीची गळती आदर्श उपविधींप्रमाणे त्या सभासदाच्या खर्चाची. गच्ची, बाहेरच्या भिंती, सामायिक पाइप आणि पावसाचं पाणी ही जबाबदारी सोसायटीची. संपलं. यातल्या कशालाही तीन कोटेशन लागत नाहीत.

माझं माहेर सांगलीचं, हेही वाचकांना पाठ आहेच, त्यामुळे हरिपूरचा विषय निघणार हे ओघानंच आलं. सांगलीजवळ कृष्णा-वारणेच्या संगमावर हरिपूर आहे. तिथे हळद जमिनीखालच्या पेवांत ठेवायचे. तोंड अरुंद, पोट मोठं. आत हळद ओतायची, तोंड बंद करायचं, की वर्षानुवर्षं कीड लागत नसे, कारण आतल्या हवेत किडीला जगताच येत नसे. पेव उघडलं की माणूस लगेच उतरत नसे. आधी कंदील सोडायचे, तो विझला नाही तरच उतरायचं. नदी हाकेच्या अंतरावर असून हळद कोरडी राहायची, ही त्या मातीची करामत. जिथे माती पाझरते तिथे कुणी पेव काढतच नसे. जमीन बघून खड्डा खणायचा, खड्डा खणून मग जमीन बघायची नाही, एवढं त्या लोकांना कळत होतं.

आणि त्या पेवांनाही २००५ने गाठलं. जुलैच्या शेवटी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, ते मुंबईकर अजून सांगतात. त्याच पावसाळ्यात कृष्णेला महापूर आला आणि हरिपूरच्या पेवांत पाणी शिरलं. हळद गेली, बरीच पेवं कायमची निकामी झाली. व्यापारी गोदामांकडे आणि कोल्ड स्टोरेजकडे वळले. सांगलीच्या हळदीला २०१८मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण पेवं परत आली नाहीत.

इकडे कोकणात तर जमिनीत जायचा विचारच कुणी केला नाही. घर जोत्यावर, पायऱ्या चढून ओटी, खाली काही असेल तर ती विहीर. सांगलीत वर्षाला जेवढा पाऊस पडतो, त्याच्या तिपटीहून जास्त सांताक्रूझला पावसाळ्याच्या चार महिन्यांत पडतो. देशावर तळघर चालतं, कोकणपट्टीवर जोतं लागतं. आमच्या आर्किटेक्टला हे कुणीतरी सांगायला हवं होतं.

एकट्या आर्किटेक्टला तरी किती बोलणार? सगळ्या शहराला आता जमिनीखाली जायचं आहे. मेट्रो ३ आमच्या मरोळ-सीप्झखालून जाते. याच मेट्रोचं वरळीतलं आचार्य अत्रे चौक स्टेशन २०२५च्या मे महिन्यात सुरू झालं आणि २६ मेला, महिनाही पुरा व्हायच्या आत, अर्धवट बांधलेल्या प्रवेशद्वारातून तिथे पाणी घुसलं. ‘गेल्या दहा हजार वर्षांत’ असं घडलं नाही, असं खुद्द अत्र्यांनी लिहिलं असतं. तिथे निदान पाणी कुठून आलं ते त्याच दिवशी सांगितलं गेलं. आमच्याकडे त्यावर अजून सभा चालू आहे.

खरं तर उत्तर आमच्या वॉचमनच्या केबिनमध्ये पडून होतं. पंपाच्या बिलाची तारीख शोधायला ह्यांनी जुनी रजिस्टरं घरी आणली आणि मी ती वाचत बसले. दिवाळी अंक संपले होते. वॉचमनने इमानेइतबारे लिहून ठेवलं आहे : पंप चालू, पंप बंद, वेळेसकट. २०२३च्या नोव्हेंबरअखेर सीप्झजवळ मेट्रो ६च्या कामात वेरावलीची १,८०० मिलिमीटर व्यासाची जलवाहिनी फुटली, ते अंधेरीकरांना आठवत असेल. आमच्या टाकीचा तळ दिसत होता. रॅम्पवरून ओढा यावा असा पाऊसही तेव्हा नव्हता. तरी बेसमेंटचा पंप चालूच होता. आणि एप्रिल-मेमध्ये, माणसं रोज तेवढ्याच आंघोळी करत असताना, तो जवळजवळ बंद. म्हणजे टाकी नाही, रॅम्प नाही, ड्रेनेजही नाही. पावसाळ्यात चढणारं आणि उन्हाळ्यात उतरणारं जमिनीतलं पाणी, तळाचा स्लॅब आणि भिंत जिथे मिळतात त्या सांध्यातून येणारं. टाकीला दिलेला लेप फुकट गेला.

हे सभेत सांगितलं तर काका म्हणाले, ‘वॉचमनच्या वहीवर विश्वास ठेवायचा का?’ मग पातळीची खूण टाकीत त्यांच्याच हातून करवून घेतली. सकाळी पाणी जिथल्या तिथे होतं. काकांचं आता म्हणणं आहे की त्या रात्री टाकी गळली नसेल.

पाणी कुठलं हे आधी ठरवायचं, ते यासाठी. रेरा कायद्याच्या कलम १४ प्रमाणे ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामातला दोष दाखवून दिला, तर बिल्डरने तीस दिवसांत तो विनामोबदला दुरुस्त करायचा असतो. सांध्यातून येणारं पाणी हा अंगणातला पाऊस नव्हे, तो बांधकामातला दोष आहे, असं आपल्याला लेखी म्हणता येतं. पण आपणच कोटेशनवाल्यांकडून भिंती फोडून घेतल्या, की ‘तुमच्याच माणसाने बिघडवलं’ म्हणायला बिल्डर मोकळा. आमची पाच वर्षं पुढच्या वर्षी भरतात. आम्ही त्यातली बहुतेक समोसे खाण्यात घालवली.

तुमच्या टॉवरलाही बेसमेंट असेल आणि तिथे ओल असेल, तर पंपाची वही ठेवा, तारखेसकट फोटो काढा आणि बिल्डरला पत्र स्पीड पोस्टाने पाठवा. त्याआधी एक करा : ताबापत्र काढून त्यावरची तारीख आजच बघा.