थंडी उताराला वाहते

निफाड तालुक्यात आमच्या द्राक्षबागेचे दोन तुकडे आहेत. एक माळावर, दुसरा खाली कादवा नदीच्या काठाला. मधलं अंतर जेमतेम अर्धा किलोमीटर. गेल्या पौषात एका पहाटे दोन्ही मांडवांत थर्मामीटर टांगले. वर 8 अंश, खाली 4. मण्यांत नुकतंच पाणी उतरलं होतं. खालच्या घडांवर हात फिरवला तर मणी तडकलेले. बोटं रसानं चिकट झाली.

उत्तरेचं वारं सुटलं की थंडी येते, हे खरंच आहे. पश्चिमी झंझावात हिमालयात बर्फ टाकून पुढे सरकला की त्याच्या मागोमाग कोरडी, गार हवा राजस्थान, मध्य प्रदेशावरून खानदेशात आणि तिथून आमच्याकडे उतरते. पण वारं वाहतं तोवर हवा ढवळत राहते. घात होतो तो रात्री वारं पडल्यावर. आभाळ निरभ्र असलं की जमीन दिवसभराची ऊब सोडून देते. तिला लागून असलेली हवा गार होते, गार झाली की जड होते, आणि पाटाच्या पाण्यासारखी उतार धरून खोलगटात साचते. "खालच्या अंगाला बाग नको रे, तिथं गारठा बसतो," असं आमचे अण्णा म्हणायचे, ते याचसाठी.

फळपीक विमा मात्र महसूल मंडळातल्या हवामान केंद्राचा आकडा धरतो. एका मंडळात कितीतरी गावं, आणि गावागणिक चढउतार. आमच्या मंडळातलं यंत्र उंचावर आहे. त्या पहाटे तिथला पारा ठरलेल्या मर्यादेखाली गेला नाही, म्हणून भरपाईही नाही. यंत्र खोटं बोललं नाही. त्यानं आपल्या जागेची थंडी मोजली, माझ्या बागेची नाही.

म्हणून मागणी साधी आहे. गावोगावी नदीकाठच्या खोलगटात निदान एक तापमापक बसवा आणि विम्यासाठी त्याचीही नोंद धरा. अंदाज देताना तालुक्याच्या आकड्याबरोबर सांगा, की आज रात्री वारं पडणार आहे, सखल बागा सांभाळा. एवढं संध्याकाळी कळलं तरी आम्ही सरपण रचून ठेवू, पहाटे तीनला शेकोट्या पेटवू, विहिरीचं कोमट पाणी ड्रिपनं सोडू.

ऑक्टोबरची छाटणी उरकली आहे. पौषात मण्यांत पुन्हा पाणी उतरेल. त्याआधी ते तापमापक लागायला हवेत.