पडलेले ते कोणाचे?

आमच्या शाळेत दरवर्षी हिवाळ्यात विज्ञान-प्रदर्शन भरते. गेल्या हिवाळ्यात प्रदर्शनाच्या चार दिवस आधी आठवीतील एक मुलगा लोणच्याची काचेची बरणी घेऊन आमच्या कार्यालयात आला. बरणीत लोणचे नव्हते. बंदुकीच्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या होत्या. माळव्यात ज्याला 'खोखा' म्हणतात, तीच ही पुंगळी. चिंच-मिठाने घासून त्याने त्या इतक्या लखलखीत केल्या होत्या की देवघरातील उपकरणीही लाजावीत. त्यांची पितळी दीपमाळ करावयाची, असा त्याचा बेत होता. कागदावर आकृती काढून, कोठे किती पुंगळ्या लागतील ह्याचा हिशेबही त्याने मांडून आणला होता. मुलाच्या हातात कसब दिसले की शिक्षकाच्या मनाला जो आनंद होतो तो आम्हांसही झाला, हे कबूल केले पाहिजे.

आमच्या शाळेचे शिपाई सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले आहेत. चहा ठेवण्यास आले असता त्यांची नजर बरणीवर गेली आणि हातातील कप तसाच राहिला. "साहेब, बरणी हलवू नका," ते म्हणाले. "ती तळाशी दिसते आहे ना, तोंड मिटलेली, ती रिकामी नाही."

काडतुसाचे मुख्य भाग चार : पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशी बसविलेली स्फोटक टोपी, आत भरलेली दारू आणि तोंडाशी गोळी. बार उडाला की गोळी जाते, दारू जळते, टोपीवर घोड्याच्या खिळीचा खळगा पडतो आणि मागे उरते ती नुसती पुंगळी. परंतु सरावासाठी बिनगोळीची काडतुसेही वापरतात. त्यांचे तोंड कळीच्या पाकळ्यांसारखे मिटवलेले असते. गोळी दिसत नाही म्हणून ते रिकामे, असा त्या मुलाचा समज झाला होता. पण त्याच्या टोपीवर खळगा नव्हता. म्हणजे टोपी शाबूत होती आणि दारूही. आणि हेच काडतूस त्या मुलाने घरी, स्वयंपाकघरात, आईच्या शेगडीशेजारी बसून घासले होते. पुढे त्याला डाख देऊन दीपमाळेवर बसवावयाचे होते! विस्तवाजवळ ते नेले असते तर काय झाले असते, ह्या विचाराने आजही आमच्या अंगावर काटा येतो.

खोली रिकामी करून आम्ही पोलीस ठाण्यास दूरध्वनी केला. माणसे येईपर्यंत त्या मुलाला जवळ बसवून विचारले, तेव्हा कळले की महूकडच्या त्याच्या मामांची गुरे लष्करी चांदमारीच्या हद्दीला लागून चरतात; सुटीत तो तेथे गेला असता तारेपलीकडून त्याने ह्या पुंगळ्या वेचल्या. आम्ही थोडे कठोर स्वरात म्हणालो, "दुसऱ्याच्या आवारातून वस्तू आणावी काय?" त्यावर तो रडवेला होऊन म्हणाला, "सर, मी चोरलं नाही. पडलेलं होतं, ते उचललं." आणि मग, अगदी निरागसपणे, "तुमच्या टेबलावर पण आहे ना, सर?"

आमच्या मेजावर खरोखरच एक होती. तोफेच्या गोळ्याची चांगली मूठभर जाडीची पितळी पुंगळी, जिच्यात आम्ही गेली नऊ वर्षे लेखण्या ठेवीत आलो. एका माजी सैनिक पालकांनी ती मोठ्या प्रेमाने दिली होती. ती त्यांच्याकडे कशी आली, हे आम्ही नऊ वर्षांत एकदाही विचारले नव्हते. मुलाच्या प्रश्नाला आम्हांजवळ उत्तर नव्हते.

त्यानंतर ह्या विषयाचा जमेल तेवढा अभ्यास आम्ही केला. आपल्या समाजातील कित्येक घरांत अशी एखादी पुंगळी फुलदाणी, दौत किंवा उदबत्तीचे घर होऊन बसलेली असते, म्हणून त्यातील सार येथे देतो.

प्रथम हे लक्षात घ्यावे की हा छंद काही वाईट नव्हे आणि नवाही नव्हे. पहिल्या महायुद्धात (१९१४-१८) फ्रान्स व बेल्जियमच्या खंदकांतील सैनिकांनी तोफगोळ्यांच्या पुंगळ्यांवर नक्षी कोरून फुलदाण्या घडविल्या. लंडनच्या युद्ध-संग्रहालयात त्या आजही पाहावयास मिळतात. मात्र त्या काळीही पुंगळी ही सरकारची मालमत्ता होती, पुन्हा भरण्यासाठी ती परत जावयाची असे आणि ती परस्पर ठेवून घेणे नियमाविरुद्ध होते. आजही आपल्या सैन्यात सराव संपल्यावर रिकाम्या पुंगळ्या वेचून, मोजून जमा करण्याची शिस्त आहे. साधारण सत्तर भाग तांबे आणि तीस भाग जस्त अशा उत्तम पितळेची ही वस्तू असते. तिला मोल आहे. शिवाय प्रत्येक पुंगळी म्हणजे झाडलेल्या एका काडतुसाचा पुरावा. ती हिशेबातून सुटली की काडतूसही हिशेबातून सुटू शकते. तेव्हा मैदानात पडलेली पुंगळी बेवारशी नसते. तिचा मालक फक्त समोर उभा नसतो. ती उचलणे ही चोरी ठरू शकते, आणि तशी वस्तू जाणूनबुजून घेणारा हाही भारतीय न्याय संहितेप्रमाणे (२०२३) दोषी ठरतो.

आता शस्त्रांविषयीचा कायदा. १९५९ च्या शस्त्र अधिनियमात 'दारूगोळा' ह्या शब्दाच्या व्याख्येत दारूगोळ्याचे भागही येतात. परवान्यावाचून दारूगोळा बाळगल्यास, २०१९ च्या दुरुस्तीनंतर, दोन ते पाच वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. परंतु त्याच अधिनियमाच्या ४५ व्या कलमात एक सवलत आहे : जे किरकोळ भाग इतर पूरक भागांशी जुळवून वापरण्याचा हेतू नाही, ते बाळगण्यास कायद्याची आडकाठी नाही. शोभेची रिकामी पुंगळी ह्या सवलतीच्या छायेत बसू शकते. पण सवलत ही छत्रीसारखी आहे. पाऊस आल्यावर ती उघडावी लागते, आणि तोवर माणूस थोडाफार भिजतोच. ठाण्यात खुलासा देत बसण्यापेक्षा वस्तू कोठून आली ह्याचा चार ओळींचा कागद आधीच जवळ असणे हे शहाणपणाचे.

मग सरळ वाट कोणती? नेमबाजीच्या नोंदणीकृत मंडळात परवानाधारक नेमबाज स्वतः विकत घेतलेली काडतुसे झाडतात. तेथील चिटणिसांस रीतसर विनंती करावी. रिकाम्या पुंगळ्या देणे त्यांच्या नियमांत बसत असेल तर संख्या, जात आणि तारीख लिहून सहीची चिठ्ठी घ्यावी. नियमात बसत नसेल तर आग्रह धरू नये. सैन्यातील कोणी भेट देत असेल तर ती पलटणीने रीतसर दिलेली आहे काय, हे संकोच न बाळगता विचारावे. संरक्षण खात्याचे भंगार लिलावाने विकले जाते, पण तो मोठ्या व्यापाऱ्यांचा मामला आहे. छंदिष्टाने त्यात पडू नये, आणि रस्त्यावरच्या भंगारवाल्याकडून तर काहीच घेऊ नये.

घरी आणलेली प्रत्येक पुंगळी जाणत्या माणसाकडून तपासून घ्यावी. टोपीवर खळगा हवा आणि आत उजेड दिसावा. छोट्या '२२' जातीच्या काडतुसात वेगळी टोपी नसते, स्फोटक द्रव्य बुडाच्या कडेतच असते. तेव्हा तेथे खुणेचा व्रण कडेवर शोधावा लागतो. शंका येताच हात काढून घ्यावा. विषाची परीक्षा घेऊ नये. खात्री पटल्यावर पुंगळीच्या अंगाला आरपार भोक पाडून घेतले म्हणजे ती पुन्हा कधीच भरली जाणार नाही, हे पाहणाऱ्यालाही कळते. पुंगळ्या पुन्हा भरण्याचा छंद अमेरिकेत पुष्कळांना आहे. आपल्याकडे काडतूस तयार करणे म्हणजे परवान्याचे काम, हे विसरू नये.

साफसफाईविषयी दोन शब्द. टोपीतील द्रव्यात बहुधा शिसे असते व त्याची काजळी आत राहते. म्हणून कोरडे घासून धूळ उडवू नये. साबणाच्या पाण्यात धुवावे, ते काम स्वयंपाकघरात करू नये आणि नंतर हात स्वच्छ करावेत. अमोनिया असलेले द्रावण पितळेला लावू नये. ह्याची कथा आपल्याच देशातील आहे : इंग्रजी अमदानीत पावसाळ्यात तबेल्यांत ठेवलेल्या काडतुसांच्या पुंगळ्या आपोआप तडकत, घोड्यांच्या मूत्रातून निघणारा अमोनिया हे त्याचे कारण, असे १९२१ साली संशोधकांनी दाखवून दिले.

राहता राहिला प्रश्न पाठविण्याचा. विमानात, मग हातातील पिशवी असो वा खाली ठेवलेले सामान, रिकामी पुंगळीसुद्धा नेऊ नये. क्ष-किरणाच्या पडद्यावर भरलेली आणि रिकामी सारखीच दिसते, आणि पुढचे चार तास तुमचे नसतात. टोपी शाबूत असलेली पुंगळी, आत दारू नसली तरी, जगभर स्फोटक मालातच गणली जाते. देशात पाठवावयाचे झाल्यास आतील वस्तूचे खरे नाव लिहून, सोबत चिठ्ठीची प्रत जोडून, वाहतूकदारास आधी विचारूनच पाठवावे. तो नको म्हणाला तर 'पितळी शोभेची वस्तू' असे लिहून दडपू नये. परदेशी असलेल्या मुला-भाच्यांना तर स्पष्ट सांगावे की तेथे बाजारात उघड मिळते म्हणून पिशवीत घालून आणू नका. दारूगोळा देशात आणण्यास वेगळा परवाना लागतो. २००४ साली गाझियाबादजवळ परदेशातून आलेल्या भंगारातील तोफगोळे फुटून कामगार मृत्युमुखी पडले. आज धातूचे भंगार आयात करताना त्यात वापरलेले वा न वापरलेले कोणतेही काडतूस नाही, असा दाखला लागतो. त्या नियमामागे माणसांचे प्राण आहेत.

असो. पोलीस आले, बरणी घेऊन गेले, पंचनामा झाला. मुलाचे वय व हेतू पाहून अधिकाऱ्यांनी समज देऊन सोडले. मुलाच्या मामांनाही चांदमारीच्या हद्दीचा अर्थ नीट समजावून सांगितला. आम्ही आमच्या मेजावरील पुंगळी देणाऱ्या पालकांस बोलावून विचारले, "ही आपल्याला कोठे मिळाली होती?" ते प्रथम हसले, मग गप्प झाले आणि शेवटी म्हणाले, "सर, आता नीट आठवत नाही." आम्ही त्यांना दोष देत नाही, नऊ वर्षे न विचारणारे आम्हीच होतो. आम्ही दोघे मिळून ठाण्यात गेलो आणि ती पुंगळी नोंद करून जमा केली. मुलाच्या देखत केले, कारण प्रश्न त्याचा होता.

दीपमाळ मात्र झाली. कसेरा बाजारातून पितळेची नळी विकत आणून, पावती शाळेच्या दप्तरात लावून, एका वृद्ध कारागिराच्या देखरेखीखाली त्याने ती पुरी केली. प्रदर्शनात तिला बक्षीस मिळाले नाही. ती सध्या आमच्या कार्यालयात आहे. लेखण्या आम्ही पत्र्याच्या डब्यात ठेवतो.