शाळेच्या दारात पोलीस

शाळेत काही भीषण घडले की एक मागणी हमखास पुढे येते: शाळेत पोलीस नेमा. ही मागणी करणारे बहुधा पालक असतात. त्यांची भीती खरी असते आणि तिची हेटाळणी करण्याचा अधिकार कोणालाही नाही. पण भीती खरी असली म्हणून तिच्यावर सुचविलेला प्रत्येक उपाय खरा ठरतो असे नाही. हा विशिष्ट उपाय अमेरिकेने गेली सुमारे सत्तर वर्षे करून पाहिला आहे. त्या अनुभवाचा हिशेब आपण मांडला पाहिजे.

मिशिगन राज्यातील फ्लिंट या मोटार-कारखान्यांच्या शहरात १९५० च्या दशकात पोलीस अधिकारी शाळेत नेमण्यास सुरुवात झाली. मूळ कल्पनेत वाईट काही नव्हते. अधिकाऱ्याने मुलांशी ओळख करून घ्यावी, वाट चुकणाऱ्याला वेळीच सावरावे, कायदा समजावून सांगावा आणि प्रसंगी रक्षणही करावे, अशी अपेक्षा होती. एप्रिल १९९९ मध्ये कोलोरॅडोतील कोलंबाईन शाळेत दोन विद्यार्थ्यांनी १२ विद्यार्थी आणि १ शिक्षक यांना गोळ्या घातल्या. त्यानंतर केंद्रीय अनुदानातून हजारो पोलीस शाळांत आले. त्या वेळी एक गोष्ट सोयीस्करपणे विसरली गेली. कोलंबाईनमध्ये त्या दिवशीही सशस्त्र पोलीस अधिकारी नेमलेला होताच.

पुढे काय झाले? फेब्रुवारी २०१८ मध्ये फ्लॉरिडातील पार्कलँड येथे १७ जण मारले गेले, तेव्हा शाळेसाठी नेमलेला सशस्त्र अधिकारी इमारतीबाहेरच थांबला. २४ मे २०२२ रोजी टेक्सासमधील युव्हाल्डे येथे १९ बालके आणि २ शिक्षिका प्राणास मुकल्या. तेथील शाळांचे तर स्वतःचे पोलीस दल होते. घटनास्थळी एकूण ३७६ पोलीस जमले, तरी बंदूकधाऱ्याला आवरण्यास ७७ मिनिटे लागली. ज्या देशात अठरा वर्षांच्या मुलाला लष्करी धर्तीची बंदूक दुकानात विकत मिळते, तेथे शाळेच्या दारातल्या एका पोलिसाकडून आपण कशाची अपेक्षा करणार?

न्यायाची बाजू म्हणून हेही नमूद केले पाहिजे की, अलीकडच्या एका मोठ्या अभ्यासात पोलिसांच्या उपस्थितीमुळे शाळांतील मारामाऱ्या काही प्रमाणात कमी झाल्याचे आढळले. मात्र गोळीबाराच्या घटना कमी झाल्या नाहीत. उलट विद्यार्थ्यांचे निलंबन, हकालपट्टी आणि अटका वाढल्या, आणि त्याचा सर्वाधिक भार कृष्णवर्णीय मुलांवर पडला.

असे का व्हावे, हे समजून घेण्यासारखे आहे. बंदूकधारी शाळेत क्वचितच येतो. पोलीस मात्र रोज येतो. मग उरलेल्या सर्व दिवसांत त्याने करायचे काय? वर्गातला दंगा, उलट उत्तर, धक्काबुक्की ही जी प्रकरणे पूर्वी मुख्याध्यापकाच्या खोलीत मिटत, ती त्याच्या हाती जातात. २०१५ साली दक्षिण कॅरोलायनामध्ये मोबाईलच्या वादातून वर्गाबाहेर जायला नकार देणाऱ्या एका मुलीला पोलीस अधिकाऱ्याने बाकासकट खाली पाडून फरफटत नेले. ‘शाळेत व्यत्यय आणणे’ हा त्या राज्यात गुन्हा होता. त्याखाली ती मुलगी आणि तिच्या बाजूने आवाज उठवणारी तिची वर्गमैत्रीण अशा दोघींना अटक झाली. विद्यार्थ्यांची त्या कायद्यातून सुटका व्हायला २०१८ साल उजाडले. अमेरिकन शिक्षण खात्याच्या २०१५-१६ च्या आकडेवारीनुसार एकूण विद्यार्थ्यांत कृष्णवर्णीय १५ टक्के होते. पोलिसांच्या स्वाधीन केलेल्या किंवा अटक झालेल्या विद्यार्थ्यांत मात्र ते ३१ टक्के होते. दंडशक्ती सर्वांवर सारखी कधीच पडत नाही. ती उतारावरून वाहते.

मुख्य प्रश्न आहे तो पैशाचा आणि माणसांचा. नागरी स्वातंत्र्याचे काम करणाऱ्या तेथील संघटनेने २०१९ साली दाखवून दिले की, १ कोटी ४० लाख मुले अशा शाळांत शिकत होती, जेथे पोलीस होता. पण समुपदेशक, परिचारिका, मानसतज्ज्ञ, समाजसेवक यांपैकी कोणी ना कोणी नव्हतेच. मुलाचे दुखणे ऐकणारा माणूस नेमायला पैसा नव्हता. ते दुखणे उग्र झाल्यावर बेडी घालणारा माणूस नेमायला मात्र होता.

काही शहरांनी माघार घेतली. जॉर्ज फ्लॉईडच्या हत्येनंतर २०२० साली मिनिआपोलिस, ओकलंड, डेन्व्हर यांनी शाळांतून पोलीस काढण्याचे ठराव केले. डेन्व्हरमध्ये २०२३ साली एका शाळेत दोन कर्मचाऱ्यांवर गोळीबार झाला आणि पोलीस परत आले. नुसता पोलीस हटवला आणि त्याच्या जागी माणसांची पुरेशी फळी उभी केली नाही, तर पहिल्याच आघाताला लोक पुन्हा पोलिसालाच हाक मारतात. पोलीस नको म्हणणाऱ्यांनीही हा धडा घेतला पाहिजे.

आपल्याकडे काही शहरांत ‘पोलीस काका’, ‘पोलीस दीदी’ अशा नावांनी अधिकारी शाळेत येऊन मुलांशी बोलतात. तेवढ्यापुरते ते स्वागतार्ह आहे. पण येथून कायमच्या नेमणुकीचे अंतर फार लांब नाही. म्हणून बदलापूर आठवावे. ऑगस्ट २०२४ मध्ये तेथील शाळेतल्या दोन चिमुकल्या मुलींवर अत्याचार झाल्याचे उघड झाले. पोलीस शाळेच्या दारात नव्हते म्हणून पालकांचा संताप उसळला काय? नाही. शाळेने दडपले आणि पोलीस ठाण्यात फिर्याद नोंदवून घेण्यासाठी पालकांना तासन्‌तास ताटकळावे लागले, म्हणून लोक रेल्वेमार्गावर उतरले. पोलिसांकडून हवे होते ते त्यांच्या स्वतःच्या ठाण्यातच मिळाले नाही.

२०१२ च्या बाल लैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायद्याने एक शहाणपणाची गोष्ट सांगून ठेवली आहे: बालकाचा जबाब घेताना पोलीस अधिकाऱ्याच्या अंगावर गणवेश नसावा. गणवेशासमोर मूल बोलत नाही, हे आपल्या संसदेला कळले होते. मग तोच गणवेश रोज शाळेच्या व्हरांड्यात फिरवून आपण मुलाला बोलके करणार आहोत काय?

कार्यकर्त्यांपुढचे काम स्पष्ट आहे. शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असायला हव्यात. बहुतेक ठिकाणी ही समिती सहीपुरती उरते. आपल्या गावातल्या, वॉर्डातल्या समितीत जाऊन विचारा: तक्रारपेटी कोण उघडतो? सखी सावित्री समितीची बैठक शेवटची कधी झाली? समुपदेशक आहे काय? शिक्षकांच्या किती जागा रिकाम्या आहेत? आणि ठाणेदाराला विचारा: मुलाची तक्रार आली तर किती वेळात नोंदवाल, आणि कोण नोंदवेल?

पोलिसांनी हाकेसरशी यावे, कायद्याने वागावे आणि काम होताच परत जावे. शाळेच्या आत मात्र मुलाचे ऐकणारी माणसे हवीत, आणि त्यांच्या पगाराची तरतूद सरकारने अंदाजपत्रकात केली पाहिजे. दारात शिपाई उभा करण्यापेक्षा हे काम महाग आहे आणि चिकाटीचे आहे. आपण आग्रह याचाच धरला पाहिजे.