‘पगारी’ ही काय शिवी आहे?

मुक्ताईनगरसारख्या गावी रक्तदान शिबिर झाले की सत्कार होतो तो दात्यांचा आणि स्वयंसेवकांचा. जळगावहून भल्या पहाटे निघून आलेला रक्तपेढीचा तंत्रज्ञ मात्र ‘पगारी माणूस’! चहाच्या वेळीही तो शेवटी आठवतो. ही वृत्ती आपल्यातच आहे, हे मान्य करावे लागेल.

सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालानुसार १ जानेवारी १९९८ पासून पैसे घेऊन रक्त देण्याची प्रथा बंद झाली. पण त्याच रक्तपेढीत अर्हताप्राप्त डॉक्टर व तंत्रज्ञ असलेच पाहिजेत, असेही कायदा सांगतो. म्हणजे रक्त विनामूल्य हवे आणि ते तपासणारा शिकलेला, रोज हजर असणारा हवा. दात्याचे काम अर्ध्या तासात संपते. तंत्रज्ञाला परतल्यावर एचआयव्ही, काविळीच्या चाचण्या करायच्या असतात, रक्तघटक वेगळे करायचे असतात. प्लेटलेट जेमतेम पाच दिवस टिकतात. त्यांना दिवाळीची सुटी ठाऊक नसते.

अशा माणसाला संस्था ‘सेवाभावी’ आहे म्हणून कमी वेतन द्यायचे आणि वर त्यागाचे बौद्धिकही त्यालाच ऐकवायचे, ही कसली सेवा? (ऐकवणारे बहुधा निवृत्तिवेतनावर निश्चिंत असतात.) पुढच्या शिबिरात पहिले श्रीफळ त्याच्या हाती द्या, आणि त्याआधी कार्यकारिणीच्या बैठकीत त्याच्या भविष्यनिर्वाह निधीचा विषय घ्या.