ड्युटी लिस्टची ‘शिस्त’



‘नव्या परिचारिकांना शिस्त सोसत नाही’ हे गेल्या अंकातील पत्र वाचले. मी निवृत्त परिसेविका आहे; प्रसूतिकक्षात शिस्त हवीच. पण एकाच मुलीला सलग नाइट लावणे, ऐनवेळी तिचा ऑफ फिरवणे, पुढच्या पाळीला ओव्हर देताना मुद्दाम अर्धवट सांगणे, याला शिस्त म्हणायचे?

झटक्यांचा धोका असलेल्या गरोदर बाईला मॅग्नेशियम सल्फेटचा पुढचा डोस देण्याआधी श्वसन, लघवीचे प्रमाण आणि गुडघ्याचा रिफ्लेक्स तपासावा लागतो. रिफ्लेक्सबद्दल शंका आली तर नवखीने सीनियरला विचारायलाच हवे. ‘कॉलेजात काय झोपा काढल्या?’ हे नातेवाइकांदेखत ऐकून घेतलेली मुलगी पुढच्या वेळी विचारत नाही. मग जीव कोणाचा टांगणीला लागतो?

‘कायदे आहेत, तक्रार करावी’ असेही पत्रलेखिका म्हणतात. कोणते कायदे? राज्याचा १९९९ चा रॅगिंगविरोधी कायदा शिक्षणसंस्थांपुरता. २०१३ चा केंद्राचा कायदा लैंगिक छळापुरता. सिस्टरने सिस्टरचा केलेला असा छळ दोन्हींतून निसटतो. तक्रार जाते अधिसेविकेकडे, आणि ड्युटी लिस्टवर सही बहुधा तिचीच!

माणसे कमी, खाटा भरलेल्या, त्यामुळे सगळ्याच चिडतात हे मान्य. पण तो राग घरंगळत नेमका नवखीवरच का यावा? निदान लिस्ट वेळेत लावा, बदलली तर कारण लेखी द्या आणि तक्रार ऐकायला त्या विभागाबाहेरची व्यक्ती नेमा. यासाठी शासन निर्णयाची वाट पाहायची गरज नाही.

– एक निवृत्त परिसेविका