पायाला प्लास्टर आणि हातात स्टिअरिंग

आमच्या व्यापारी व कारागीर बांधवांत एक समज रूढ झाला आहे. पाय मोडला तरी धंदा थांबता कामा नये, आणि धंदा थांबू नये म्हणून गाडीही थांबता कामा नये. मुंब्रा-कौसा, राबोडी, कल्याणचा दूधनाका, शेजारची भिवंडी, कोठेही पाहा. पायाला प्लास्टर किंवा वॉकर बूट चढवलेला माणूस टेम्पो, रिक्षा वा स्कूटर चालवताना दिसला, तर लोक त्याच्या हिमतीचे कौतुक करतात. आम्हास हे कौतुक मान्य नाही.

प्रथम व्यवहाराची बाजू पाहू. मोटार वा टेम्पोत उजवा पाय ॲक्सिलरेटर आणि ब्रेक सांभाळतो, डावा क्लच. मोटारसायकलवर मागचा ब्रेक उजव्या पायाखाली व गिअर डाव्या पायाखाली असतो. रिक्षाचा क्लच व गिअर हाताशी असले, तरी ब्रेक उजव्या पायाचाच. प्लास्टरमध्ये घोटा वळत नाही आणि पायाखाली किती दाब पडतो तेही नीट कळत नाही. बुटाचा तळ रुंद असल्यामुळे एकाच वेळी दोन पेडल दाबली जाण्याचा धोका असतो. बिनगिअरच्या स्कूटरचे ब्रेक हातात असतात हे खरे. पण खड्ड्यात गाडी कलली की आधार पायाचाच लागतो, आणि पावसाळ्यात आमच्या रस्त्यांवर खड्ड्यांना तोटा नसतो.

ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन एका सेकंदात ११ मीटर पुढे जाते. ब्रेकवर पाय पडण्यास अर्धा सेकंद उशीर झाला, तर साडेपाच मीटर, म्हणजे एकामागे एक उभ्या केलेल्या दोन रिक्षांएवढे अंतर हातचे गेले. मुंब्रा बायपासवर कंटेनरच्या मागे असताना किंवा शिळफाट्याच्या गर्दीत तेवढे अंतर मिळतच नाही. शिलाई मशीनवर बसणाऱ्या कारागिराला हे अधिक सांगावयास नको. पाय अडखळला की टाका चुकतो. तेथे टाका उसवून पुन्हा घालता येतो, रस्त्यावर ती सोय नाही.

प्लास्टर निघाले म्हणजे पाय बरा झाला, हाही गैरसमज आहे. अनेक आठवडे आवळून ठेवलेला पाय अशक्त व ताठर होतो. उजव्या घोट्याचे हाड मोडून शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांचा अभ्यास अमेरिकेतील अस्थिशल्यचिकित्सकांनी २००३ साली प्रसिद्ध केला. त्यात ब्रेक दाबण्याचा वेग पूर्ववत होण्यास शस्त्रक्रियेपासून सुमारे नऊ आठवडे लागल्याचे आढळले. म्हणून प्लास्टर कधी निघणार, एवढे विचारून दवाखान्यातून परतू नये. गाडी कधी चालवू, हेही विचारावे आणि शक्य तर ते कागदावर लिहून घ्यावे. दुखणे थांबवणाऱ्या काही गोळ्यांनी गुंगी येते, त्याचीही चौकशी करावी. हाडवैद्याने बांधलेली पट्टी असली तरी नियम हाच.

आता कायदा. मोटार वाहन कायदा, १९८८ मध्ये प्लास्टर हा शब्द नाही. परंतु आपल्या आजारामुळे वा अपंगत्वामुळे आपले वाहन चालवणे लोकांना धोक्याचे ठरेल हे ठाऊक असताना सार्वजनिक ठिकाणी वाहन चालवणे, हा कलम १८६ अन्वये गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीने त्याचा दंड पहिल्या वेळी एक हजार व पुढे दोन हजार रुपयांपर्यंत नेला. मालकांनी विशेष ध्यानात घ्यावे असे कलम १८८ आहे. अशा गुन्ह्यास जो प्रवृत्त करतो, त्यालाही तीच शिक्षा आहे. “हळूहळू चालव, पण माल आज पोहोचव” असे प्लास्टरमधल्या ड्रायव्हरला सांगणारा शेठ यातून सुटत नाही.

मग पोट कसे भरावे? हा प्रश्न खरा आहे आणि आम्ही तो झटकत नाही. नोकरदाराला आजारपणाची रजा मिळते, रिक्षावाल्याला व फेरीवाल्याला नाही. वाहनमालक-चालकासाठी सक्तीचा केलेला पंधरा लाखांचा अपघात विमा मृत्यू व कायमच्या अपंगत्वासाठी आहे. सहा आठवडे बुडालेली कमाई त्यातून मिळत नाही. म्हणूनच ही जबाबदारी एकट्या जखमी माणसावर टाकून चालणार नाही. बाजारातील शेजारी दुकानदारांनी त्याचा माल आपल्या फेरीत आणावा. रिक्षा दिवसाच्या ठरावीक भाड्याने दुसऱ्या परवानाधारक चालकास द्यावी. मालकाने ड्रायव्हरला तेवढे दिवस गोदामात बसून करण्याचे काम द्यावे आणि पगार कापू नये. मोहल्ल्यातील जमातीने व व्यापारी मंडळाने अशा वेळेसाठी बिनव्याजी कर्जाची छोटी थैली राखावी. टेम्पोला बदली चालक ठेवण्याचा खर्च जड वाटतो खरा, पण एका अपघाताच्या दवाखाना-कोर्टकचेरीपुढे तो काहीच नाही.

आपल्या दीनने आजाऱ्याला बसून, तेही न जमल्यास आडवे पडून नमाज अदा करण्याची सवलत दिली आहे. रोजाही पुढे ढकलण्याची मुभा आहे. जेथे इबादतीत एवढी सवलत आहे, तेथे दुकानाची फेरी तिच्याहून मोठी कशी? वाटेतील त्रासदायक वस्तू दूर करणे हे ईमानाचे अंग आहे असे आपण मुलांना शिकवतो. मग आपणच रस्त्यावरचा धोका बनून उतरावे, हे शोभत नाही. समोरून शाळेतून येणारे मूल कोणाच्या तरी घरची अमानत आहे.

ज्यांच्या पायाला आज प्लास्टर आहे त्यांनी किल्ली दुसऱ्याच्या हाती द्यावी, आणि ज्यांचे पाय धड आहेत त्यांनी ती मागून घ्यावी, अशी आमची कळकळीची विनंती आहे. अल्लाह सर्व जखमींना लवकर शिफा देवो, आमीन.