वकीलपत्रावर सही करण्यापूर्वी

संसार मोडकळीस आला म्हणजे माणसाची विवेकबुद्धी सर्वांत दुर्बल झालेली असते, आणि नेमक्या त्याच काळात आपल्या भवितव्याची सूत्रे कोणत्या वकिलाच्या हाती सोपवावी, याचा निर्णय त्याला करावा लागतो. मुंबई-पुण्यात १९८४ च्या कायद्यान्वये स्थापन झालेली कुटुंब न्यायालये आहेत व केवळ तेच काम करणारे वकीलही आहेत. परंतु मुरूड-श्रीवर्धनसारख्या रायगडच्या किनारी गावांत जो वकील वाडीच्या वाटपाचा दावा चालवितो, तोच बहुधा घटस्फोटाचा अर्जही दाखल करतो. दिघीहून आगरदांड्याला खाडी उतरून अलिबाग गाठावयाचे तर सारा दिवस मोडतो. म्हणून मामाच्या ओळखीचा किंवा कोर्टाच्या आवारात प्रथम भेटलेला वकील पसंत केला जातो.

ही रीत बदलली पाहिजे. वकिलांनी जाहिरात करू नये, हा बार कौन्सिलचा नियम व्यवसायाच्या प्रतिष्ठेस साजेसाच आहे. मात्र त्यामुळे चौकशीची जबाबदारी पक्षकारावर येते. दोन-तीन वकिलांना भेटून प्रत्येकाला तेच प्रश्न विचारावेत: विवाहविषयक कामे आपण स्वतः चालविली आहेत काय, तारखेला आपण उभे राहाल की आपले कनिष्ठ, फी एकरकमी की टप्प्याटप्प्याने, पावती मिळेल काय, आणि समोरच्या पक्षाशी आपला पूर्वीचा संबंध आहे काय. जेथे दोन्ही घरांचे जमिनीचे दावे एकाच दप्तरात असू शकतात, तेथे हा शेवटचा प्रश्न विचारण्यास मुळीच संकोचू नये. पोटगीच्या अर्जाची भाषा ठरविण्याआधी जो पगाराची चिठ्ठी व बँकेचे पासबुक मागतो, तो काम जाणतो, असे खुशाल समजावे. कारण उभय पक्षांनी आपल्या मिळकतीचे प्रतिज्ञापत्र दिलेच पाहिजे, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०२० चा दंडक आहे. उलट जो निकालाची हमी देतो किंवा मिळणाऱ्या रकमेत वाटा मागतो, त्याचा निरोप तत्काळ घ्यावा. असा वाटा ठरविणे नियमबाह्य आहे. निवड चुकली तरी वकील बदलता येतो, आणि फी थकली म्हणून पक्षकाराचे कागद अडवून ठेवण्याचा अधिकार वकिलास नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००० सालीच स्पष्ट केले आहे.

हे सारे जाणण्याची निकड स्त्रियांना अधिक आहे. पती मुंबईस असला तरी हिंदू विवाह कायद्याखाली पत्नीला आपल्या राहत्या ठिकाणच्या न्यायालयात अर्ज करता येतो, आणि १९८७ च्या विधी सेवा कायद्यानुसार कोणत्याही स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मागण्याचा हक्क आहे. तो सरकारी मेहेरबानी म्हणून नव्हे, तर अधिकार म्हणून मागावा, आणि तसा मिळालेल्या वकिलासही वरील प्रश्न निःसंकोच विचारावेत.

हा हक्क मूठभर शिकलेल्यांच्या माहितीत राहून भागणार नाही. किनाऱ्यावरील प्रत्येक ग्रामपंचायतीने तालुका विधी सेवा समितीचा पत्ता व १५१०० हा मदतीचा क्रमांक आपल्या फलकावर ठळक अक्षरांत लावावा, अशी माझी सर्व सरपंचांना आग्रहाची विनंती आहे.